इंडी रॉकचे २००७: काम पूर्ण झाले, हे ठरवले कोणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही चौघे मित्र पुण्यात एक बँड चालवतो. आमचा पहिला अल्बम आम्ही घरीच रेकॉर्ड करणार आहोत. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्या माणसाच्या कानाने इंडी रॉकचे एखादे वर्ष निवडून त्या वर्षातील तुमचे आवडते अल्बम सांगाल का? त्यांत आम्ही नेमके काय ऐकावे, हेही सांगावे."

इंडी रॉक म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे निघणारे रॉक संगीत. त्यातून मी २००७ हे वर्ष निवडतो. त्या वर्षी चांगले अल्बम पुष्कळ आले, हे एक कारण आहेच. पण मला हे वर्ष मोलाचे वाटते ते आणखी एका गोष्टीमुळे. स्टुडिओत काम करताना माइक कुठे ठेवावा, कोणता अँप (गिटारचा ध्वनिवर्धक) वापरावा, हे प्रश्न तुलनेने सोपे असतात. गाणे पूर्ण झाले असे कोणी आणि केव्हा म्हणावे, हा निर्णय सर्वांत अवघड असतो. मोठ्या कंपनीच्या करारात तो बहुधा प्रकाशनाची तारीख, खर्चाची मर्यादा आणि कंपनीतील एखाद्या अधिकाऱ्याचे मत यांवर ठरतो. २००७ मधील ज्या अल्बमांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, त्यांपैकी बहुतेकांत हा निर्णय वादकांनी स्वतः घेतलेला आहे, प्रत्येकाने निराळ्या रीतीने घेतलेला आहे आणि त्याचा परिणाम थेट ध्वनीत ऐकू येतो. तुम्ही घरी काम करणार असल्यामुळे हाच निर्णय तुमच्यासमोर प्रत्येक गाण्याच्या वेळी येणार आहे, म्हणून क्रमवारी लावण्यापेक्षा त्या अनुषंगानेच लिहितो.

त्या काळी स्वतंत्र कंपन्यांची स्थिती कशी होती, हे आधी सांगायला हवे. २००७ च्या जानेवारीत सिएटलच्या सब पॉप या कंपनीने द शिन्सचा 'विन्सिंग द नाइट अवे' प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेच्या बिलबोर्ड या विक्रीच्या यादीत पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर आला. मार्चमध्ये आर्केड फायरचा 'निऑन बायबल'ही दुसऱ्याच क्रमांकावर आला आणि जुलैमध्ये स्पूनचा 'गा गा गा गा गा' दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. हे दोन्ही अल्बम अमेरिकेत मर्ज या कंपनीने काढले होते. सुपरचंक या बँडमधील मॅक मॅकॉगन आणि लॉरा बॅलन्स या दोघांनी १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुरू केलेली ही छोटी कंपनी होती. मोठ्या कंपन्यांचा सीडीचा धंदा त्या सुमारास आटत चालला होता, तर वादकांनीच चालवलेल्या एका कंपनीचे दोन अल्बम एकाच वर्षी पहिल्या दहांत पोहोचले होते. वादकांच्या हाती वेळेचे नियंत्रण राहिले तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा होता.

माझा सर्वांत आवडता अल्बम द नॅशनलचा 'बॉक्सर', आणि त्याबद्दल मी सर्वांत जास्त लिहिणार आहे. मे २००७ मध्ये बेगर्स बँक्वेट या कंपनीने तो प्रसिद्ध केला. बँडचे पाचही जण मूळचे सिनसिनाटीचे, पण ब्रुकलिनमध्ये राहणारे. त्यांत भावांच्या दोन जोड्या, आरन आणि ब्राइस हे जुळे डेस्नर आणि स्कॉट व ब्रायन हे डेव्हेंडॉर्फ. गायक मॅट बर्निंगर. रेकॉर्डिंगचा मोठा भाग आणि मिक्सिंग (मुद्रित वाद्ये व आवाज एकत्र तोलून बसवणे) पीटर केटिस यांनी कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे आपल्या घरातच असलेल्या टार्क्विन स्टुडिओत केले. अल्बमच्या मुखपृष्ठावरील छायाचित्रही केटिस यांच्या लग्नात हा बँड वाजवत असतानाचे आहे. ध्वनिमुद्रक आणि बँड यांच्यात इतका घरोबा असला की घाईने काम उरकण्याचे बंधन उरत नाही. मात्र काम संपवण्याचेही बंधन उरत नाही. या अल्बमची घडण लांबली आणि बँडला ती जड गेली. अल्बम ऐकताना तो ताण जाणवतो, पण गोंधळ कुठेही जाणवत नाही.

गोंधळ का जाणवत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. बर्निंगर यांचा आवाज खर्जातला आहे. अशा आवाजाचे मूळ स्वर साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात पडतात, आणि बेस गिटार, पियानोचा डावा हात, गिटारच्या जाड तारा, टॉम ड्रम हे सर्व नेमके त्याच पट्ट्यात गर्दी करतात. नवखा मिक्सर अशा वेळी आवाजाची पातळी वाढवत नेतो, आणि गायक वाद्यांच्या पुढे उभा राहून ओरडत असल्यासारखा वाटू लागतो. 'बॉक्सर'मध्ये उपाय मिक्सिंगच्या टेबलावर केलेला नाही, तो रचनेतच केलेला आहे. गाण्याचा मुख्य आराखडा ब्रायन डेव्हेंडॉर्फ यांच्या ड्रम्सकडे आहे. ते झांजा फारशा न झोडता टॉम आणि स्नेअर या ड्रम्सवर गुंतागुंतीचे पण कोरडे, घट्ट बोल वाजवतात. गिटारी बहुतेक ठिकाणी कॉर्ड धरून न बसता बारीक नक्षी विणतात. पद्मा न्यूसम यांनी रचलेली तंतुवाद्ये आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्ये) ही सजावट म्हणून वर ओतलेली नाहीत. एखादे वाद्य थांबले की त्याच जागेत ती येतात. परिणामी खर्जातला आवाज अगदी हळू बोलल्यासारखा गायला तरी प्रत्येक शब्द ऐकू येतो. 'स्क्वॉलर व्हिक्टोरिया' हे गाणे फक्त ड्रम्सकडे लक्ष देऊन ऐका आणि नंतर 'ग्रीन ग्लव्ह्ज' ऐका. त्यात वाद्यांनी किती जागा सोडली आहे, ते ध्यानात येईल.

पहिल्या 'फेक एम्पायर' या गाण्याबद्दल वेगळे सांगायला हवे. पियानोवर चारास तीन अशी लय एकाच वेळी चालते. लयकारीची सवय असलेल्या आपल्याकडील कानाला हा हिशेब अनोळखी नाही, परंतु इथे तो कौशल्य दाखवण्यासाठी केलेला नाही. गाण्याचा पहिला भाग ऐकताना आपण तीनाच्या डुलत्या चालीत असतो. निम्म्याच्या सुमारास ड्रम येतात आणि चाराची बाजू धरतात, तेव्हा पियानोचा एकही स्वर न बदलता सगळे गाणे चालू लागल्यासारखे वाटते. शेवटी ब्रासचे तुकडे एकमेकांत गुंफत वर चढतात. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचाराच्या एका चित्रफितीत या गाण्याचे शब्दांविना रूप वापरले गेले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. गाण्याचे शब्द स्वतःची फसवणूक करून घेण्याबद्दलचे आहेत आणि केवळ वादन मात्र आशेचे वाटते, म्हणूनच ते तिथे वापरता आले. शब्द आणि वाद्यवृंद यांनी एकच गोष्ट सांगावी असा नियम नाही. तुम्ही स्वतः गाणी लिहीत असाल तर ही शक्यता मनात असू द्या.

याच अल्बममधील 'स्लो शो'चा शेवटचा भाग बँडच्या २००१ मधील पहिल्या अल्बमच्या एका गाण्यातून आलेला आहे. सहा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या कामातील एक तुकडा त्यांनी पुन्हा उचलला आणि त्याला त्याची खरी जागा दिली. अल्बम छापून बाजारात आला म्हणजे गाणे संपले, असे या लोकांनी मानले नाही, आणि मला हे फार आवडते.

स्पूनचा 'गा गा गा गा गा' हा वजाबाकीचा अल्बम आहे. दहा गाणी, सुमारे ३६ मिनिटे. या बँडला १९९८ मध्ये इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने एका अल्बमनंतर करारातून काढले होते. त्यानंतर ते मर्जकडे आले आणि ड्रमर जिम इनो यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला. ज्या माणसाच्या हातात काठ्या आहेत त्याच्याच हातात माइकही आहेत, हे या अल्बममध्ये प्रत्येक ठोक्याला कळते. ड्रम कोरडे आणि जवळचे आहेत, खोलीचा घुमारा अगदी मोजका आहे, आणि दोन ठोक्यांमधील शांततेला ठोक्यांइतकेच वजन आहे. 'द घोस्ट ऑफ यू लिंगर्स' या गाण्यात ड्रम नाहीतच. पियानोचे तुटक, एकसारखे आघात चालू राहतात आणि ब्रिट डॅनियल यांचे आवाज डाव्या-उजव्या बाजूंनी प्रतिध्वनी होऊन येत-जात राहतात. गाण्याला आधार देणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट काढून घेतली आहे आणि तरी ते उभे आहे. 'डोन्ट यू एव्हा'मध्ये स्टुडिओतील बोलणे तसेच ठेवले आहे; एखादी टेक, म्हणजे एकदा वाजवून घेतलेले मुद्रण, जिवंत असेल तर तिच्या कडा घासून गुळगुळीत करण्याची गरज नाही, हा विश्वास त्यामागे आहे. जॉन ब्रायन यांनी निर्मिती केलेले 'द अंडरडॉग' हे ब्रासने भरलेले गाणे या अल्बममध्ये सर्वांत लोकप्रिय ठरले. ते उत्तम आहे; पण तुम्ही शिकायचे ते बाकीच्या नऊ गाण्यांतून, असे मी म्हणेन.

'निऑन बायबल' याच्या अगदी उलट टोकाला आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील फार्नम या गावात आर्केड फायरने एक जुने लहान चर्च विकत घेतले आणि त्याचा स्टुडिओ केला. पाइप ऑर्गन माँट्रियलच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन मुद्रित केला, आणि ऑर्केस्ट्रा व पुरुषांचे समूहगान बुडापेस्टमध्ये. मार्कस ड्राव्हस आणि स्कॉट कोलबर्न यांनी रेकॉर्डिंगला हातभार लावला आणि निक लॉने यांनी मिक्सिंग केले. इतकी साधने, इतक्या जागा आणि कोणाचीही आडकाठी नाही, अशा स्थितीत बँड प्रत्येक कल्पना वापरून पाहतो. मोठ्या दगडी किंवा लाकडी वास्तूत मुद्रण केले की तिचा घुमारा प्रत्येक ट्रॅकमध्ये, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या मुद्रणात, कायमचा बसतो. नंतर तो काढता येत नाही. दहा ट्रॅक म्हणजे घुमाऱ्याचेही दहा थर होतात. 'ब्लॅक मिरर'सारख्या गाण्यात मला हे थर एकमेकांत मिसळून थोडे गढूळ झाल्यासारखे वाटतात, आणि इतक्या वर्षांनंतरही माझे ते मत बदललेले नाही.

तरीही हा अल्बम आवडत्यांत आहे, कारण जिथे हे सर्व जुळून येते तिथे दुसरे कोणी त्याच्या जवळपासही जात नाही. 'इंटरव्हेन्शन'मध्ये ऑर्गनचा पहिला स्वर येतो तेव्हा आपण एका इमारतीत उभे आहोत हे शरीराला कळते. संगणकातील नमुन्यांतून तो ऑर्गन वाजवला असता तर सूर तेच आले असते, हवा आली नसती. शेवटचे 'माय बॉडी इज अ केज' आरंभी जवळजवळ एकट्या आवाजावर चालते आणि ऑर्गन व ड्रम यांचा पूर्ण भार फार उशिरा टाकते. २००३ च्या एका छोट्या रेकॉर्डवर आलेले 'नो कार्स गो' त्यांनी इथे पुन्हा नव्याने मुद्रित केले. दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकली तर, साधने वाढल्यावर गाण्याला काय मिळाले आणि त्याने काय गमावले, याचा हिशेब प्रत्येकाला स्वतः मांडता येतो. माझे मत असे, की विस्तार मिळाला आणि धार थोडी कमी झाली.

आता जस्टिन व्हर्नन यांच्या बॉन ईव्हेर या प्रकल्पाचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो'. घरी रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाला याची कथा कोणीतरी सांगितलेली असते: बँड मोडला, प्रकृती बिघडली, आणि व्हर्नन २००६-०७ चा हिवाळा विस्कॉन्सिनमधील वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये जाऊन राहिले. ही कथा खरी आहे, पण ती सांगताना कामाची बाजू बहुधा राहून जाते. त्यांच्याकडे एक जुना मॅकिंटॉश संगणक, एक साधी गिटार आणि मुख्यतः शुअर एसएम५७ हा एक माइक होता. हा माइक १९६५ पासून बनतो आणि आपल्याकडे गल्लीतल्या सरावखोलीपासून मोठ्या सभागृहापर्यंत सर्वत्र स्नेअर ड्रमसमोर किंवा गिटारच्या अँपसमोर उभा असतो. गाण्याच्या आवाजासाठी स्टुडिओत सहसा कोणी तो निवडत नाही. मग तो आवाज इतका वेगळा का लागतो?

एक तर हा डायनॅमिक माइक आहे, त्यामुळे त्याला दूरचे फारसे ऐकू येत नाही. आवाज जवळून घ्यावा लागतो, आणि जवळ गेले की खालचे स्वर फुगतात. व्हर्नन फॉल्सेटोत, म्हणजे आवाजाच्या मूळ पट्टीच्या वर जाऊन, गात होते. अशा पातळ आवाजाला त्या फुगवट्याने अंग मिळाले. दुसरे असे, की त्यांनी एकाच माइकवर, एकाच खोलीत, स्वतःचाच आवाज थरावर थर घेतला. प्रत्येक थरात तोच माइक आणि तीच खोली असल्यामुळे त्यांचा रंग दर थराला दाट होत जातो, उच्चारांच्या कडा एकमेकांत विरतात आणि एका माणसाचे समूहगान तयार होते. 'लम्प सम'चा आरंभ आणि 'द वूल्व्ह्ज' ही दोन गाणी हेडफोनवर ऐकलीत तर हे थर वेगवेगळे करता येतात. तिसरी गोष्ट रचनेची. त्यांनी अनेक ठिकाणी आधी शब्दांविना सुरावट गायली आणि नंतर त्या ध्वनींतून कोणते शब्द ऐकू येतात ते पाहत शब्द लिहिले. म्हणून तिथे शब्दांचा अर्थ धूसर असला तरी स्वर आणि अक्षर यांची कधी झटापट होत नाही.

माझ्या मूळ मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे, की ही मुद्रणे त्यांनी आरंभी डेमो समजूनच केली होती. पुढे ती नीट स्टुडिओत पुन्हा करायची, असा विचार होता. मित्रांनी ऐकल्यावर ती आहेत तशीच ठेवण्याचा निर्णय झाला, आणि २००७ मध्ये त्यांनी स्वतःच सुमारे ५०० सीडी काढल्या. जॅगजॅग्वार या कंपनीने तोच अल्बम २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रसिद्ध केला. पुन्हा मुद्रण झाले असते तर ते अधिक स्वच्छ झाले असते यात शंका नाही, आणि त्या स्वच्छतेत हा अल्बम हरवला असता यातही मला शंका वाटत नाही. मात्र यावरून कोणताही डेमो चालतो असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. व्हर्नन त्याआधी अनेक वर्षे बँडमध्ये गात आणि मुद्रण करत होते; सुरात, लयीत आणि थर रचण्यात कुठेही कच्चेपणा नाही. कच्ची होती ती फक्त साधने.

रेडिओहेडच्या 'इन रेनबोज'ला इंडी म्हणावे का, असा आक्षेप येईल. बँड जगप्रसिद्ध होता आणि त्याच्याकडे पैसाही होता. परंतु २००३ च्या अल्बमबरोबर त्यांचा ईएमआय या मोठ्या कंपनीशी असलेला करार संपला होता आणि हा अल्बम त्यांनी कोणत्याही कंपनीशिवाय, कोणत्याही ठरलेल्या तारखेशिवाय केला. म्हणून या लेखात तो बसतो. प्रकाशनाची कथा सर्वपरिचित आहे: १ ऑक्टोबर २००७ रोजी घोषणा, १० ऑक्टोबरला इंटरनेटवरून डाउनलोड, किंमत ऐकणाऱ्याने ठरवायची, शून्य असली तरी चालेल. जोडीला ४० पौंडांचा रेकॉर्ड आणि सीडींचा संच. ज्या संगीताच्या सीडी आपल्याकडील दुकानांत उशिरा येत किंवा येतच नसत, त्यातील एक अल्बम लंडन आणि पुणे येथे एकाच दिवशी पोहोचला, याचे अप्रूप त्या काळी हे संगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला होते. डाउनलोडचा दर्जा १६० केबीपीएस एमपी३ एवढाच होता. चांगल्या दर्जाची सीडी वर्षअखेरीस एक्सएल या स्वतंत्र कंपनीने काढली.

मला या अल्बमची घडण त्याच्या प्रकाशनापेक्षा अधिक शिकवणारी वाटते. डोक्यावर कोणी नाही म्हटल्यावर बँडला काम पुढेच नेता येईना. आरंभीची सत्रे फळली नाहीत, २००६ मध्ये दौऱ्यावर जाऊन त्यांनी नवी गाणी लोकांसमोर वाजवली, आणि मग जुने निर्माते नायजेल गॉडरिच यांना पुन्हा बोलावले. गॉडरिच त्यांना विल्टशरमधील टॉटनहॅम हाउस या मोडकळीस आलेल्या जुन्या वाड्यात घेऊन गेले. इमारत राहण्यायोग्य नसल्यामुळे मंडळी कॅराव्हॅनमध्ये राहिली. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर या बँडने पहिली गोष्ट शोधली ती "आता पुरे" असे म्हणणारा, विश्वासातला एक माणूस. 'न्यूड' हे गाणे त्यांच्याकडे नव्वदच्या दशकापासून अपुरे पडून होते. इथे ते बेसच्या चालीवर तोलून धरले आहे, आणि आवाज तंतुवाद्यांमध्ये अलगद तरंगतो. २००८ मध्ये बँडने याच गाण्याचे आवाज, गिटार, बेस, ड्रम आणि तंतुवाद्ये असे पाच वेगळे भाग रीमिक्ससाठी विक्रीला ठेवले होते. ते कुठे मिळाले तर जरूर ऐका. एकेका भागात किती थोडे वाजवले आहे, ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. '१५ स्टेप' पाच मात्रांच्या आवर्तनात आहे आणि तरी त्यावर सहज टाळ्या पडतात. 'रेकनर'मधील झांजा आणि इतर तालवाद्यांचा पसारा आवाजाच्या भोवती कसा पसरला आहे, ते मात्र चांगल्या स्पीकरवरच कळेल.

जेम्स मर्फी यांच्या एलसीडी साउंडसिस्टमचा 'साउंड ऑफ सिल्व्हर' डीएफए या त्यांच्याच कंपनीचा, परंतु त्याच्या वितरणात मोठ्या कंपनीचा हात होता. मॅसॅच्युसेट्समधील लाँग व्ह्यू फार्म या शेतावरील स्टुडिओत मर्फी यांनी भिंतींना चंदेरी कापड आणि फॉइल लावून काम केले. या अल्बममधील 'ऑल माय फ्रेंड्स' हे साडेसात मिनिटांहून लांब गाणे मी या वर्षातील सर्वोत्तम गाणे मानतो. पियानोचा एकच छोटा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो आणि त्याच्या आधाराने सर्व काही घडते, तसे इथे ड्रम, बेस, गिटार आणि आवाज त्या तुकड्याच्या आधाराने एकेक करून वाढत जातात. तो तुकडा यंत्रासारखा अचूकही नाही. आरंभी तो किंचित अडखळतो, आणि ती अडखळ संगणकावर सरळ केली असती तर गाण्याचा जीव गेला असता. कोरस नाही, कलाटणी नाही. वाढत जाणाऱ्या वयाबद्दलचे शब्द आणि न थांबणारा पियानो एवढेच आहे. तुमच्यापैकी जो कोणी सर्व काही संगणकाच्या ग्रिडवर, म्हणजे अचूक मात्रांच्या रेघांवर, बसवण्याच्या मताचा असेल, त्याला हे गाणे आधी ऐकवा.

पांडा बेअर या नावाने नोआ लेनॉक्स यांनी लिस्बनमध्ये राहून केलेला 'पर्सन पिच' जवळजवळ पूर्णपणे सॅम्पलरवर, म्हणजे मुद्रित ध्वनींचे तुकडे वाजवणाऱ्या यंत्रावर, बांधलेला आहे. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने तो त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवला. मला त्यातील 'ब्रोज' हे बारा मिनिटांचे गाणे फार आवडते. पूर्ण अल्बम सलग ऐकताना मात्र घुमाऱ्याचा अतिरेक कानाला थकवतो, आणि क्रमवारीत तो मी इतका वर ठेवला नसता. याच लेनॉक्स यांच्या ॲनिमल कलेक्टिव्ह या बँडचा 'स्ट्रॉबेरी जॅम'ही त्याच वर्षी आला, आणि त्याची निर्मिती 'निऑन बायबल'वर काम केलेल्या स्कॉट कोलबर्न यांचीच. एकाच ध्वनिमुद्रकाचे एकाच वर्षातील हे दोन अल्बम इतके वेगळे आहेत, की ऐकणाऱ्याला ध्वनिमुद्रकाचा ठसा सापडतच नाही. माझ्या व्यवसायातील माणसासाठी यापेक्षा मोठी स्तुती नाही.

विल्कोचा 'स्काय ब्लू स्काय' मोठ्या समूहातील नॉनसच या कंपनीने काढला असला तरी तो शिकागोतील त्यांच्या स्वतःच्या जागेत, सर्वांनी एका खोलीत बसून वाजवलेला आहे. 'इम्पॉसिबल जर्मनी'मध्ये नेल्स क्लाइन यांची एकल गिटार आणि तिला येऊन मिळणाऱ्या बाकीच्या दोन गिटारी ऐकण्यासाठी तो घ्यावाच. ऑफ माँट्रियलचा 'हिसिंग फॉना, आर यू द डिस्ट्रॉयर?' केव्हिन बार्न्स यांनी बव्हंशी एकट्याने केला, आणि त्यातील जवळजवळ बारा मिनिटांचे एक गाणे सांगते की एकटा माणूस कुठे थांबायचे ते न ठरवूनही काहीतरी मिळवू शकतो. बॅटल्सचा 'मिरर्ड' ड्रमर जॉन स्टेनियर यांच्यासाठी ऐका. आर्क्टिक मंकीजचा 'फेव्हरिट वर्स्ट नाइटमेअर' मी या यादीत घेतलेला नाही. तो चपळ आणि चांगला आहे. परंतु '५०५' वगळता त्यातील कोणत्याही गाण्याकडे मी स्वतःहून परत गेलेलो नाही, आणि आवडत्यांच्या यादीला दुसरी कसोटी मला माहीत नाही.

तुमच्या कामासाठी यातून काय घ्यायचे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आठवडाभर फक्त 'बॉक्सर' आणि 'गा गा गा गा गा' ऐका, आणि प्रत्येक गाण्यात कोणते वाद्य कुठे थांबते हे कागदावर लिहून काढा. चौघांचे कागद एकमेकांशी ताडून पाहा. ज्याने सर्वांत जास्त जागा टिपल्या असतील त्याचा कान मिक्सिंगला उपयोगी पडेल. 'फॉर एमा' नंतर ऐका, कारण आधी ऐकलात तर साधेपणाचे अनुकरण करण्याचा मोह होईल. रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी नवी गाणी कुठेतरी लोकांसमोर वाजवा, मग ते कॉलेजचे सभागृह असो की मित्राच्या सोसायटीचा हॉल. घरातील खोलीत ड्रम घेणार असाल तर घुमाऱ्यापेक्षा कोरडेपणाकडे झुका. घुमारा पुढे मिसळता येतो, घेतलेला काढता येत नाही. आणि बँडबाहेरचा, तुमच्या विश्वासातला एक माणूस आत्ताच ठरवा. वाजवण्यात त्याचा हात नसावा, त्याने प्रत्येक गाणे ठरावीक टप्प्यावर ऐकावे, आणि तो "झाले" म्हणाला की त्या गाण्याची फाइल तुम्ही पुन्हा उघडायची नाही, हे चौघांनी आधीच मान्य केलेले असावे.